तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं ऐकायचं सोडून तिकिटं काय बघता?

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. गाण्यातली माणसं म्हणतात, अहो गाणं कानाने ऐकायची गोष्ट, यूट्यूबवर सगळं पडलंय, एवढ्याशा कागदाच्या तुकड्यात तुम्हाला काय ऐकू येतं? आणि तिकिटं जमवणारे म्हणतात की पक्षी घ्या, रेल्वे घ्या, गांधीजी घ्या, संगीत हा काय विषय झाला, त्यात बघण्यासारखं काय, फेटा नाहीतर तंबोरा. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेते पण माझं समाधान होत नाही, म्हणून आज नीट लिहायचं ठरवलंय.

तर तिकीट म्हणजे सरकारने केलेली आठवण. कुणाची आठवण काढायची, कधी काढायची, आधी कुणाची आणि नंतर कुणाची, हे सगळं कुठेतरी ठरतं आणि मग ते लाखो पाकिटांवर चिकटून गावोगाव जातं. तुम्ही ही तिकिटं तारखेप्रमाणे लावलीत ना की स्वतंत्र भारताला आपलं संगीत कसं कसं आठवत गेलं ते समोर दिसायला लागतं, आणि तारखा सोडून दुसऱ्या पद्धतीने लावलीत तर आणखी वेगळंच काहीतरी दिसतं, पण ते शेवटी सांगते.

सुरुवात गवयांपासून नाही झाली, संतांपासून झाली. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये संत आणि कवींचा सेट निघाला, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसने फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे फोटोवरून धातूच्या सिलिंडरवर चित्र कोरून, छापलेली ही पहिली तिकिटं. मी नाशिकची, त्यामुळे याचा मला किती अभिमान आहे ते सांगायला नको. आता कुणी म्हणेल ही तर साहित्याची तिकिटं, संगीताच्या अल्बममध्ये कशाला? मला ते पटत नाही. कबीर, सूर, मीरा, तुलसी हे चौघं काढून टाका आणि मग हिंदुस्तानी गवयाने मैफलीच्या शेवटी भजन कुठलं म्हणायचं ते सांगा.

मग १९६१. त्या एका वर्षात दोन तिकिटं आली, ६ जानेवारीला त्यागराज आणि १ सप्टेंबरला पंडित विष्णु नारायण भातखंडे, दोन्ही १५ नये पैशांची. तेव्हा साध्या पाकिटाला १५ नये पैसेच लागायचे, म्हणजे ही तिकिटं अल्बमसाठी नव्हती, कुणाच्या लग्नाचं ठरलंय, कुणाला नोकरी लागलीय अशा पत्रांवर ती फिरली. त्यागराज ६ जानेवारी १८४७ ला गेले, तीच तारीख तिकिटाला निवडली, हे मला फार आवडतं. पण दक्षिणेतल्या त्रिमूर्तीचं बघा, त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघंही तिरुवारूरमध्ये जन्मलेले, एकमेकांचे समकालीन, कर्नाटक संगीतात त्यांची नावं एका दमात घेतात, आणि तिकिटांवर मात्र त्यागराज १९६१, दीक्षितर १९७६ आणि श्यामा शास्त्री थेट १९८५. ती त्रिमूर्ती अल्बममध्ये पुरी व्हायला २४ वर्षं गेली.

अजून एक गंमत वाटेल अशी गोष्ट, पण मला ती विचार करायला लावते. १९७० मध्ये जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून बीथोव्हेनचं तिकीट भारताने काढलं. १९८५ मध्ये बाख आणि हँडेल यांच्या तीनशे वर्षांनिमित्त दोघांचं मिळून एक काढलं. आणि मियाँ तानसेन? १९८६. माझी बीथोव्हेनबद्दल अजिबात तक्रार नाही, परदेशी संगीतकाराची आठवण ठेवणारा देश मोठ्या मनाचाच म्हणायचा. पण यातून एक कळतं की तिकिटाला निमित्त लागतं, शताब्दी लागते, पक्की जन्मतारीख लागते, आणि आपल्या जुन्या गवयांच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवल्यात? ज्याचं दप्तर व्यवस्थित त्याला तिकीट लवकर, असं साधारण दिसतं.

म्हणूनच हिंदुस्तानी संगीतातून भातखंडे पहिले आले यात मला नवल वाटत नाही. भातखंडे म्हणजे दप्तर! वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला हा माणूस, पेशाने वकील, वकिली बाजूला ठेवून देशभर हिंडला, घराण्यांच्या उस्तादांसमोर बसला, जे पिढ्यानपिढ्या घराबाहेर जात नव्हतं ते विनवण्या करून मिळवलं आणि लिहून काढलं. रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ साच्यांत, मांडणी, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग, १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, १९२६ ला लखनौचं कॉलेज. आज कुठल्याही संगीत क्लासमध्ये मुलगी वहीत यमनची बंदिश उतरवून घेते तेव्हा ती बहुतेक वेळा भातखंड्यांच्या खुणांनी उतरवते, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. तिला त्यांचं नाव माहीत असेलच असं नाही.

आणि दुसरे विष्णू, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांना तिकीट मिळालं २१ जुलै १९७३ ला. दोघांची नावं आपण नेहमी जोडीने घेतो पण दोघांचे रस्ते किती वेगळे! भातखंडे शास्त्रकार, विष्णु दिगंबर गवई. कुरुंदवाडला जन्म, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला गाणं शिकायला घातलं. पुढे ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुणा एका राजाच्या जिवावर नाही तर लोकवर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या पैशांवर. तिथून मुंबई, मोठी इमारत, मग कर्ज, आणि कर्जात ती इमारत गेली. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् म्हणायचे, १९२३ ला काकिनाड्याला अध्यक्षांनीच हरकत घेतली तरी बुवा थांबले नाहीत, पूर्ण म्हणूनच उतरले. शेवटच्या काळात ते आमच्या नाशिकला आले, इथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता, इथे ते रामकथा सांगायचे आणि गायचे. आणि त्यांचं तिकीट जिथे छापलं तो प्रेस नाशिकरोडला. हे दोन्ही माझ्या गावात घडलं हे मला कळलं तेव्हापासून ते तिकीट माझ्यासाठी नुसतं १९७३ चं एक तिकीट राहिलेलं नाही.

आता ‘बघण्यासारखं काय’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं. १९६१ चं भातखंड्यांचं तिकीट चिमट्याने उचला, काळ्या ट्रेमध्ये पालथं ठेवा आणि वर बेंझिनचे दोन थेंब टाका. क्षणभर कागद ओला गडद होतो आणि त्यात अशोकस्तंभाच्या सिंहांचं वॉटरमार्क, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, वर येतं, एक पूर्ण, बाजूला दुसऱ्याचा तुकडा, तिकीट कुठून कापलं गेलंय त्याप्रमाणे. १९५२ च्या कबीराच्या मागे हेच करा तर सिंह दिसत नाहीत, चांदण्या दिसतात, कारण तो कागद इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या नमुन्याचा. दोन मिनिटांत बेंझिन उडून जातं. (पण बेंझिनने फोटोग्रॅव्ह्युअरची शाई बिघडू शकते हं, तेव्हा जपून, आणि नव्या छपाईवर तर असले प्रयोग आधी माहिती घेतल्याशिवाय करू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.)

नव्या छपाईवरून बेगम अख्तर आठवल्या. त्यांचं तिकीट २ डिसेंबर १९९४ ला आलं, आणि पाण्यात त्याची शाई विरघळते हे लक्षात आल्यावर खात्याने ते लगेच मागे घेतलं. वापरलेली तिकिटं आम्ही कोमट पाण्यात सोडतो, डिंक सुटला की तिकीट पाकिटापासून अलगद मोकळं होतं, मग टीपकागदावर पालथं वाळवायचं, ही संग्राहकाची रोजची सवय, आणि नेमक्या त्याच पाण्यात बेगमसाहेबांचा चेहरा धुऊन निघायचा. म्हणून आज ते तिकीट चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण आणि मिळालं तर महाग. मी ते पाकिटासकट तसंच ठेवलंय, कापलेलंसुद्धा नाही. ज्या बाईच्या गळ्यातल्या त्या किंचित फाटणाऱ्या आवाजावर लोक जीव टाकायचे तिचं तिकीट असं नाजूक निघावं, मला दरवेळी वाईट वाटतं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगते, गाणाऱ्या बाईचं तिकीट यायला फार उशीर झाला. मीरा १९५२ ला होत्या पण त्या संत म्हणून. मैफल गाजवणाऱ्या, त्यावर पोट भरणाऱ्या बाईला टपाल खात्याने चेहरा द्यायला नव्वदचं दशक उजाडलं. त्यानंतर मात्र वेग आला, एम. एस. सुब्बुलक्ष्मी डिसेंबर २००४ ला गेल्या आणि पुढच्याच डिसेंबरात त्यांचं तिकीट आलं. उस्ताद बिस्मिल्ला खाँचं त्यांच्या दुसऱ्या पुण्यतिथीला, २१ ऑगस्ट २००८ ला. जरा तुलना करा, विष्णु दिगंबरांना जाऊन ४२ वर्षं झाली होती.

आणि मग ३ सप्टेंबर २०१४, आठ जणांचा सेट. रविशंकर, अली अकबर खाँ, विलायत खाँ, डी. के. पट्टम्माळ, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि कुमार गंधर्व. हा सेट हातात आला तेव्हा मी तो अल्बममध्ये लावायला बसले आणि अडकले. कारण यातले शेवटचे चौघं, भीमसेन गदगकडचे, मन्सूर आणि गंगूबाई धारवाडच्या, कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे, म्हणजे देशभरातून आठ निवडले त्यातले चार एका छोट्याशा पट्ट्यातले! हे कसं झालं असेल याचा मी छडा लावायला लागले आणि तिथेच माझी तारखेप्रमाणे लावायची पद्धत मोडली. मी गुरूप्रमाणे लावायला घेतलं.

आता बघा काय होतं ते. कुमारजी मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकले आणि देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे २०१४ चं तिकीट १९७३ च्या तिकिटाखाली आलं. तेच कुमारजी क्षयाच्या आजारपणात देवासला पडून राहिले, बरे झाल्यावर पुन्हा गायले आणि त्यांनी निर्गुणी भजनांना वेगळाच सूर दिला, म्हणून त्यांच्या शेजारी मी १९५२ चा कबीर ठेवला. भीमसेनजी आणि गंगूबाई दोघंही कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे शिष्य, गंगूबाई हुबळीहून रेल्वेने जाऊन शिकायच्या, आणि सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे, जे मिरजेत स्थायिक झाले. मन्सूरअण्णा पुढे जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधीचे त्यांचे हिंदुस्तानी गाण्यातले पहिले गुरू मिरजेचे नीळकंठबुवा. आणि विष्णु दिगंबर शिकले कुठे, तर मिरजेला, गेलेही मिरजेतच, २१ ऑगस्ट १९३१ ला. चारही धागे मिरजेत! ज्या गावातल्या तंबोऱ्यांवर देशातले गवई गातात त्या गावात, आणि हे मला कुठल्या पुस्तकाने नाही तर टेबलावर पसरलेल्या तिकिटांनी दाखवलं.

मग त्या पानावर मधोमध एक जागा रिकामी राहिली. विष्णु दिगंबरांचे गुरू, नीळकंठबुवांचेही गुरू, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. १८४९ ते १९२६. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती या माणसाने, दम्याचा त्रास सोसत शिकवत राहिले, अंतुबुवा जोशी, मिराशीबुवा हेही त्यांचेच. शिष्याला तिकीट मिळालं, शिष्याच्या शिष्याच्या शिष्याला मिळालं, बुवांची चौकट मात्र माझ्या अल्बममध्ये कोरीच आहे. मी तिथे पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय.

तर तुम्ही विचारता तिकिटांत काय ऐकू येतं, त्याचं माझं उत्तर हे आहे की कुणाचं गाणं कुणाकडून आलं ते मला इथे दिसलं आणि मग मी ते ऐकायला गेले. नीळकंठबुवांमुळे मी मन्सूरअण्णांच्या गाण्यात ग्वाल्हेरच्या खुणा शोधायला लागले, नाहीतर आयुष्यभर ‘जयपूर’ म्हणून सोडून दिलं असतं.

आणि मिरज-इचलकरंजीकडच्या वाचकांना एक विनंती. तिकिटाचा प्रस्ताव टपाल खात्याला कुणीही पाठवू शकतं, त्यासाठी मंत्रीबिंत्री असायला लागत नाही, व्यक्तीची माहिती, कार्य, फोटो आणि निमित्त नीट मांडावं लागतं, पुढे समिती ठरवते. संस्थेच्या लेटरहेडवर गेलं तर वजन पडतं. बुवांच्या शिष्यपरंपरेतली गाणी आणि कागदपत्रं तुमच्याकडे घरोघरी असतील, ती काढा, एकत्र करा, आणि मसुदा लिहायला माणूस हवा असेल तर मला सांगा, मी लिहून देते.