लाल पेनाने खोडलेलं उत्तर

मागच्या रविवारी गच्चीवरच्या खताच्या बादलीत हात घातला आणि एकाच मुठीत दोघं आले. एक गांडूळ, एक वाणी, म्हणजे तो असंख्य पायांचा लांबट किडा. वाणीला आम्ही इंदूरकर सर्रास गिजाई म्हणतो, शेजारपाजारचे म्हणतात म्हणून. आमची आजी मात्र शेवटपर्यंत 'पैसा' म्हणायची, कारण बोट लावलं की ते गोल वेटोळं करून पडतं.

दोघांना ओल्या वर्तमानपत्रावर सोडलं. गांडूळ कागदावर सरकायला लागलं की कान जवळ न्यावा, बारीक खसखस ऐकू येते. जवळपास प्रत्येक वलयावर इवले काटे असतात, ते कागदाला घासतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, उलट फिरवलं तर गुळगुळीत. गिजाईचे पाय मोजायच्या भानगडीत पडू नये. डोक्यामागच्या कड्याला पाय नाहीत, पुढच्या तीन कड्यांना एकेक जोडी, आणि नंतर प्रत्येक कड्याला दोन जोड्या, कारण ते कडं मुळात दोन वलयं जुळून झालेलं असतं. ऑस्ट्रेलियात 2021 साली 1306 पायांची एक नोंदली गेली. आमच्या बादलीतली बिचारी साधीच.

(ही बादली पाहून लोक कौतुकाने 'इंदूर मेथड' म्हणतात. नाही हो. ती कचऱ्याचं खत करायची पद्धत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीतज्ज्ञांनी इथल्या शेतकी संस्थेत बसवलेली, 1931 साली जगासमोर आली. त्यात ढीग असा तापतो की गांडुळं तिथून पळच काढतील. माझी बादली म्हणजे भाजीची सालं आणि आळस.)

तर त्या कागदाकडे पाहताना मला एक उत्तरपत्रिका आठवली. मी बारा-तेरा वर्षं घरीच अकरावी-बारावीच्या बायॉलॉजीच्या शिकवण्या घेत होते. गांडूळ आणि झुरळ हे नात्यातले, दोघांचंही अंग वलयांचं, दोघांचाही मज्जारज्जू पोटाच्या बाजूने, म्हणजे दोघांचा पूर्वज एकच, असं मी फळ्यावर बाण काढून शिकवायची. मला माझ्या बाईंनी तसंच शिकवलेलं. कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1812 साली प्राण्यांचे चार मोठे गट पाडले, त्यात हे दोघं एकाच गटात टाकले, तेव्हापासून ही सोयरीक चालत आली होती. मध्ये पूल म्हणून पेरिपॅटस: अंग अळीसारखं मऊ, पण खाली आखूड पाय. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी हा 'जोडणारा दुवा' छाती पुढे काढून सांगितला होता. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे, अरुणाचलच्या सियांग खोऱ्यातला. 1911 साली प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केंप यांना तो सापडला.

2006 च्या सुमारास धार रोडवरून सायकलने येणाऱ्या एका मुलाने टेस्टमध्ये लिहिलं, 'झुरळ गांडुळापेक्षा जंताच्या जवळचं आहे.' मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'वाचून ये.' तो वाचूनच आला होता. वाचायचं राहिलं होतं माझं. 1997 सालीच 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात शोधनिबंध आला होता. एका जनुकाची वेगवेगळ्या प्राण्यांतली अक्षरं शेजारी-शेजारी मांडली, तर झुरळ, विंचू, कोळंबी, गोम हे सगळे पोटातल्या जंताच्या बाजूला गेले. या सगळ्यांत सामाईक काय, तर कात टाकणं. वरचं कवच वाढत नाही, म्हणून ते फेकून नवं करायचं. जंतही मोठा होईपर्यंत चार वेळा कात टाकतो. पेरिपॅटसही टाकतो. पूल म्हणून शिकवलेला तो प्राणी अखेर एकाच काठावरचा निघाला. गांडूळ मात्र कधीच कात टाकत नाही. त्याची भावकी गोगलगाय आणि शिंपल्यांची. समुद्रातले वलयी किडे आणि शिंपले यांची पिल्लं लहानपणी सारखीच दिसतात, पाण्यात भिरभिरणारे केसाळ भोवरेच जणू.

मग वलयांचं काय? बहुतेकांच्या मते ती दोन्ही घरांत स्वतंत्रपणे आली, आणि मला ते पटतं, कारण दोघं ती वापरतात अगदी वेगळी. गांडुळाचं बहुतेक वलय म्हणजे पडद्यांनी बंद केलेली पाण्याची पिशवी. पुढची पिशवी आवळून लांब करायची, मागची आखडून जाड करायची, तेवढ्यावर ते जमिनीत घुसतं. हाडाशिवाय. झुरळाला चिलखत घालून चालायचं असतं, म्हणून त्याला सांधे लागतात. आणि कॉलेजात चिरफाडीच्या ट्रेमध्ये पुरावा आमच्या डोळ्यांसमोरच होता की! गांडुळाला ब्लेड लागलं की मेणावर लाल रक्त यायचं, बंद नळ्यांतलं. झुरळाचं रक्त बिनरंगी, आतल्या पोकळीत मोकळं फिरणारं. दोन्हींच्या आकृत्या मी वहीच्या समोरासमोरच्या पानांवर काढल्या, आणि आकृतीचे पूर्ण मार्क मिळाले.

तो मुलगा पुढे कुठे गेला, माहीत नाही. माफी मागायची राहिली.

परवा रात्री पाणी प्यायला उठले तर मोरीपाशी पांढरंशुभ्र झुरळ. घरात सगळे याला 'भुताचं झुरळ' म्हणतात. ते फक्त नुकतंच कात टाकून बसलेलं असतं, शेजारी जुन्या कवचाचं फाटकं तपकिरी खोकं. एरवी हात सरळ चपलेकडे जातो. या वेळी स्टूल ओढलं आणि बसले. आधी कडा पिवळसर झाल्या, मग पाय, मग पाठीवर चहाचा डाग पसरावा तसा रंग. आतून आवाज आला, "अगं, लाइट कशाला चालू ठेवलाय?" म्हटलं, "पाहुणे आलेत." पुरतं तपकिरी होईपर्यंत पहाट होत आली. तेव्हा कुठे मला चपलेची आठवण झाली. ती आणायला वळले तेवढ्यात ते जाळीतून पसार झालं होतं.