तुम्ही विचारलंत म्हणून: बारावीनंतर पुण्याला पाठवायचं का?

"काकू, बारावीनंतर त्याला पुण्याला पाठवायचं म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?" इंदुरात, त्यातून मराठी वस्तीच्या राजेंद्र नगरात राहून अकरावी-बारावीचं गणित शिकवायचं म्हटलं की हा प्रश्न चुकत नाही. हळदीकुंकवाला विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर विचारतात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत विचारला गेला. विचारणारी बहुधा आई असते. बाबा शेजारी उभे राहून मान हलवतात. ज्याला जायचंय तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

माझं उत्तर ठरलेलं आहे: अठराव्या वर्षी शक्यतो नको, पदवीनंतर खुशाल. लोक जरा हिरमुसतात, कारण बरेचदा ठरवून झालेलं असतं आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

आधी कागदांचं बोलू, कारण घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपली आडनावं मराठी, देव्हाऱ्यात खंडोबा, पण कागदावर आपण मध्य प्रदेशचे. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशात राज्याच्या जागा कुणाला, याचे नियम स्पष्ट आहेत: दहावी-बारावी तिथून झालेली हवी, नाहीतर मुलाचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) हवं. आईचं माहेर सांगलीचं आहे, हे सांगून भागत नाही. तिच्या नावाचं सर्टिफिकेट लागतं आणि लग्न होऊन वीस वर्षं इंदुरात काढलेल्या बाईकडे ते बहुधा नसतं. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. होळकरांच्या इंदुरातल्या मराठी मुलांसाठी नाही. मग उरतात जेईई मेन या देशभराच्या प्रवेश परीक्षेवरच्या अखिल भारतीय जागा, ज्यांवर सगळा देश बसलेला असतो, किंवा मॅनेजमेंट कोटा. पुण्यातल्या ज्या कॉलेजची नावं घेऊन आपण बोलत असतो, तिथे आपल्या मुलाला पुण्यातल्या मुलापेक्षा जास्त मार्क लागतात. एवढे मार्क असतील तर इथलं सरकारी अनुदानावरचं इंजिनीअरिंग कॉलेज एसजीएसआयटीएसही मिळतं, आणि त्यात मध्य प्रदेशचा रहिवासी म्हणून त्याचा हक्काचा वाटा आहे.

याचीच दुसरी बाजू. एनआयटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग संस्थांत, निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि 'राज्य' म्हणजे जिथून बारावी पास झालात ते. घर कुठे आहे ते कुणी पाहत नाही. दहावीनंतर मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात कोचिंगला नेऊन तिथल्याच शाळेत नाव घातलं, की भोपाळच्या मॅनिट या एनआयटीसाठी तो राजस्थानचा झाला. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांना हे प्रवेशाच्या काउन्सेलिंगचा फॉर्म भरताना कळलं. ते बँकेत अधिकारी होते, दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासत असत.

कागद बाजूला ठेवले तरी माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. आपण शहर आधी ठरवतो आणि काम नंतर. 'पुण्याला काय करणार?' असं विचारलं की 'बघू, आयटी वगैरे' असं उत्तर येतं. खरगोन-बडवानीचा मुलगा इंदूरला येतो, इंदूरचा पुण्याला जातो, पुण्याचा जर्मनीला जायच्या तयारीत असतो. एकालाही विचारा, रोज सकाळी दहा ते सहा काय करायला आवडेल? सगळे गप्प.

म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात कुठेतरी नेऊन बसवते. ओळखीच्या माणसाच्या ऑफिसात, कारखान्यात, दवाखान्यात. शिकायला नाही, नुसतं बघायला. एका मुलीला आर्किटेक्ट व्हायचं होतं, कारण तिला चित्रं छान काढता यायची. तिला एका आर्किटेक्टकडे पाठवली. तिथे तिला दिसलं की चित्र थोडं आणि महापालिकेतली नकाशामंजुरी, ठेकेदाराशी भांडण आणि 'मॅडम, देवघर ईशान्येलाच पाहिजे' हे जास्त. मला वाटलं, आता ही बेत सोडणार. तर ती म्हणाली, "काकू, भांडण मला जमतं." आता ती आर्किटेक्ट आहे. दुसऱ्या एका मुलाला वडिलांनी सीए ठरवून दिलं होतं. तो एका सीएच्या ऑफिसात बसला, सप्टेंबरपर्यंत रिटर्न्सची धांदल बघितली आणि घरी येऊन सरळ नाही म्हणाला. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सीएचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यासाठी पुण्याची काहीच गरज नाही. फाउंडेशनची परीक्षा बारावीनंतर कुठूनही देता येते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे आणि इंदूरसारख्या व्यापाऱ्यांच्या गावात ती करायला जागा कमी नाहीत. सियागंजच्या घाऊक बाजारात ज्याने हिशेब बघितले, त्याला मग कुठल्याही शहरात हिशेबाची भीती वाटत नाही.

खरं तर जी निवड परतवता येत नाही, ती बारावीनंतरची नसतेच. ती दहावीनंतर होते आणि तेव्हा कुणी मला पंगतीत गाठत नाही. गणित सोडलं की आर्किटेक्चर गेलं, एनडीएतून नौदल आणि वायुदल गेलं, इंजिनीअरिंगच्या बहुतेक शाखा गेल्या, संख्याशास्त्राची चांगली कॉलेजं गेली. (पुण्याचा फारच सोस असेल, तर एनडीए खडकवासल्याला आहे, आता मुलींनाही घेतात, आणि फी भरावी लागत नाही.) मी गणिताची बाई, म्हणजे गणिताची बाजू घेणारच, हे मान्य. पण दहावीच्या एका पेपरात मार्क कमी पडले म्हणून विषय सोडू नका, हे मी धंद्याबाहेर जाऊनही सांगेन.

कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलेल्या मुलांच्या आया फार खचलेल्या असतात. त्यांना मी आपल्या गावातलं एक नाव सांगते. इथल्या आयआयएमने 2011 मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. शाखा कुठलीही चालते, स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. गणिताचे प्रश्न मात्र चांगलेच कठीण असतात, तेव्हा पुन्हा माझ्याकडेच यावं लागतं. क्लॅट (कायद्याची प्रवेश परीक्षा), फॅशन, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट यांनाही शाखेची अडचण नाही.

आणि ज्यांना वाटतं इंदुरात राहिलं की मूल मागे पडतं, त्यांच्यासाठी: देवळालीकर मास्तरांच्या इथल्या चित्रशाळेत ना. श्री. बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले. बेंद्रे इंदूरचेच. पुढे मुंबईची पदविका, नंतर बडोद्याला अध्यापन. बाहेर गेलेच, पण हातात काहीतरी घेऊन गेले.

पुणं कधी बरोबर? एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, मिळत असेल तर मला विचारत बसू नका. तिथला प्रवेश नीटवरून आणि देशभरातून होतो, डोमिसाइल आड येत नाही. मूलभूत विज्ञानाची आवड असेल तर आयसर ही विज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. पण त्याच परीक्षेवर भोपाळचं आयसरही मिळतं आणि तिथून मुलगा शनिवारी घरी येऊन रविवारी परत जाऊ शकतो. आवडीचा नेमका अभ्यासक्रम फक्त पुण्यातच असेल आणि मुलाने स्वतः शोधून काढला असेल, तरीही हो. माझी हरकत आहे ती आत्येभाऊ कोथरूडला राहतो म्हणून पाठवण्याला.

एक कारण लोक दबक्या आवाजात सांगतात: तिथे मराठी वातावरण मिळेल. हॉस्टेलमध्ये सगळे हिंदीच बोलतात हो. आपल्या मुलांचं हिंदी वळणाचं मराठी ऐकून तिथले वर्गमित्र हसतात, मग ही मुलं मराठी बोलणंच सोडतात. माझ्या एका विद्यार्थ्याने पुण्यात चार वर्षं काढली आणि परत आला तो जास्त चांगलं हिंदी बोलत.

ड्रॉप घ्यावा का, म्हणजे परीक्षेच्या तयारीसाठी एक वर्ष थांबावं का, हेही त्याच दमात विचारतात. आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणजे एक ड्रॉप हीच मर्यादा. तो मुलाने स्वतः मागितला तर द्या. मागितला नसेल आणि तुम्ही इथल्या भंवरकुआंच्या कोचिंगची फी भरून आला असाल, तर तो वर्षभर जाईल-येईल, एवढंच.

मग पदवीनंतर का चालेल, असं विचारलंत तर: तेव्हा नोकरीच्या मुलाखतीत डोमिसाइल विचारत नाहीत, पोरगं एकवीस-बावीसचं असतं, त्याला डाळ-भात लावता येतो आणि तो कुठल्या कामासाठी चाललाय हे त्याचं त्याला ठाऊक असतं. खोलीचं भाडंही बहुधा तोच भरतो. तोपर्यंत एक काम करून ठेवा: लोकसेवा केंद्रात जाऊन त्याचं 'मूल निवासी' प्रमाणपत्र, म्हणजे मध्य प्रदेशचा रहिवासी दाखला, काढा. जूनमध्ये तिथे रांग असते, मार्चमध्ये जा.