गंज कशाने काढलात?

जालन्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर एक वाकस, कुदळीसारख्या आडव्या पात्याचे हत्यार, टांगलेला असतो. येणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कधीकाळी शेती होती ते तो हमखास उतरवून हातात घेतात. छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून तो गंजून लालभडक झालेला आणला होता, हे कळले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "गंज कशाने काढलात?" उत्तर एका शब्दाचे आहे, लिंबूसत्त्वाने. मात्र तेवढेच ऐकून घरी गेलेल्या दोघांनी आपापली हत्यारे बिघडवून माझ्याकडे आणली, म्हणून आता मी हे उत्तर थोडे लांबवतो.

वाकस हे सुताराचे तासायचे हत्यार. तिफण, वखर, बैलगाडीचे जू, सगळे त्यावरच घडत असे. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले, गावातल्या सुताराचे ते काम आटले आणि त्याची हत्यारे भंगारात गेली. भंगाराची पुढची वाट जालनेकरांना वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत ते वितळते आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडते. विक्रेत्यानेही मला वाकस हत्यार म्हणून विकलाच नाही. "लोखंड आहे, वजनावर घ्या," एवढेच तो म्हणाला.

खरे तर निम्मे काम तिथेच, बाजारात उकिडवे बसून करायचे असते. वाकसाची धार आतल्या, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने उतरती घासलेली असते आणि बाहेरची बाजू लाकडाला घासत जाते. आतल्या उतारावर कितीही गंज असला तरी चिंता नाही, कारण तो उतार पुन्हा घासायचाच असतो. पण बाहेरच्या बाजूला अगदी धारेलगत गंजाने खळगे पाडले असतील, तर धार त्या खळग्यांपाशी तुटक येते. ते काढण्यासाठी तेवढे पोलाद झिजवावे लागते, आणि पोलाद मुळातच थोडे असते. मी नखाने चाचपून पाहिले. खळगे होते, पण दोनच आणि धारेपासून बोटभर मागे. म्हणून घेतला.

आता लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळते तेच, सायट्रिक आम्ल. एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. हत्यार आधी तारेच्या ब्रशने झाडून, साबणाने तेलकटपणा काढून मगच बुडवायचे, कारण तेलाखालच्या गंजापर्यंत आम्ल पोहोचत नाही. रात्रभर ठेवले की गंज मऊ पडतो आणि नारळाच्या काथ्याने घासला तरी निघतो. हे आम्ल गंज आधी विरघळवते, पण मूळ लोखंडाला अजिबात हात लावत नाही असे नाही. पहिल्या पाहुण्यांनी आठवडाभर बुडवून ठेवलेला विळा पत्रावळीसारखा खडबडीत झाला होता. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून उरलेले आम्ल मारावे, लगेच पुसून उन्हात कोरडे करावे आणि तेल लावावे. यात दिरंगाई झाली, तर धुतलेले लोखंड पाहता पाहता पुन्हा पिवळसर होते.

संडास साफ करायचे आम्ल झटपट काम करते, हे खरे. मीही एकदा अडगळीच्या खोलीत दार लावून ते वापरले होते. बादलीतले हत्यार स्वच्छ निघाले, पण सकाळी पाहतो तो भिंतीवरच्या करवती, पटाश्या आणि कानशी, ज्यांना त्या आम्लाचा थेंबही लागला नव्हता, सगळ्यांवर तांबूस पूड बसलेली. त्या आम्लाची वाफही लोखंडाला गंजवते, हा धडा मला अख्ख्या भिंतीच्या किमतीत मिळाला.

लिंबूसत्त्वातून निघालेल्या वाकसावर मात्र मला एक गोष्ट दिसली, आणि तिच्यासाठीच मी हे सगळे सांगतो आहे. धारेकडचा दोन बोटे रुंदीचा पट्टा काळपट झाला होता आणि मागचे अंग फिकट राखाडी होते. जुन्या लोहाराने नरम लोखंडाच्या अंगावर धारेपुरते पोलाद डकवले होते आणि तेवढ्यालाच पाणी दिले होते, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केले होते. आम्लात ते पोलाद गडद पडते. खात्रीसाठी कानस फिरवून पाहिली. मागे ती लोखंड खात होती, पुढच्या पट्ट्यावर नुसती घसरत होती. म्हणजे पाणी शाबूत होते. हत्यार म्हणून जे काही शिल्लक होते, ते त्या दोन बोटांत.

दुसऱ्या पाहुण्यांनी नेमके तेच घालवले. त्यांनी गंज उत्तम काढला आणि धार लावायला वाकस विजेच्या चाकावर दिला. ठिणग्यांनी धार तापून निळी पडली. पोलाद साधारण २३० अंशांना गवतासारखे पिवळे दिसते, ३०० च्या आसपास निळे होते, आणि निळे झाले की त्याचे पाणी उतरलेले असते. वाकस चकचकीत दिसत होता, पण बाभळीच्या गाठीवर त्याची धार मुडपली. मी स्वतः कार्बोरंडमच्या दगडावर, पाणी टाकत, तीन संध्याकाळी घासत बसलो. कंटाळवाणे काम आहे, नाकारत नाही.

दांड्याचे थोडक्यात सांगतो. तो वाळलेल्या बाभळीचाच घ्यावा. सैल झाला म्हणून पाण्यात भिजत घालू नये. तो तेवढ्यापुरता फुगतो आणि आमच्या वैशाखात वाळून आधीपेक्षाही सैल होतो. पाचर नवी ठोकावी. दांड्याला जवसाचे तेल चांगले, ते हवेने सुकून घट्ट होते. मात्र तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण सुकताना ती तापते आणि आपोआप पेटूही शकते. लोखंडाला शिलाई मशीनचे तेल लावावे. घरात आहे म्हणून करडईचे लावाल, तर काही दिवसांनी त्याचा चिकट राप बसेल.

बाहेरच्या बाजूचे ते दोन खळगे मी तसेच ठेवले आहेत. पाहुण्यांना ते खटकतात. तेही घासून टाकायचे तर बाहेरची सगळी बाजू झिजवावी लागेल, आणि पोलादाचा पट्टा आहे तेवढाच आहे. धार लावता लावता ती कधीतरी त्या खळग्यांपर्यंत मागे सरकेलच. सध्या मधे बोटभर अंतर आहे.