पीळ

पुण्याजवळच्या मांजरी गावात नदीकाठचा गोठा. मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, दिवस भरलेले. गवळी फोनवर म्हणाला, "डॉक्टर, पहाटेपासनं उठबस चाललीय, पोटावर लाथा मारती, पण पाणमोट काय दिसंना." शंका आली तीच खरी निघाली. हात घातला तर आतली वाट पिळलेल्या ओल्या चादरीसारखी, घड्या उजवीकडे वळलेल्या. गर्भाशयाला पीळ. गायींपेक्षा म्हशींत हे जास्त दिसतं. उशीर झाला की रेडकू जातं, म्हशीचंही काही खरं नसतं.

यावरचा एक उपाय बघणाऱ्याला अघोरी वाटतो. पीळ ज्या बाजूचा त्या कुशीवर म्हैस पाडायची, पुढचे पाय वेगळे, मागचे वेगळे बांधायचे. पोटावर लांब फळी, फळीवर माणूस. मग पिळाच्याच दिशेनं म्हैस झटक्यात पलटायची. गर्भाशय फळीखाली जागच्या जागी राहतं, अंग फिरून त्याला गाठतं. "उलटं फिरवा की, डॉक्टर!" असं सांगणारा एक तरी शहाणा गर्दीत असतोच.

फळीवर चढायला कोणी धजेना. शेवटी धारा काढणारा ओडिशाचा पोरगा चप्पल काढून चढला. म्हैस फिरली तसा तोल सांभाळत फळीवरून सरकत गेला. पण पीळ सुटला नाही.

म्हैस दम खात होती. तिच्या मानेवर थोपटत तो मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागला. गाव चिलिका सरोवराच्या काठावर, महानदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाचा तो मुलूख. तिथल्या म्हशी संध्याकाळी आपल्या आपण सरोवरात उतरतात, रात्रभर मचूळ पाण्यातलं गवत चरतात आणि सकाळी धारेला घरी येतात.

"राखायला कोण?"

"कोणी नाही."

गवळी हसला. "इथं सोडल्या तर सोसायटीच्या पार्किंगमधनं आणाव्या लागतील."

चिलिका म्हशीची जात पुस्तकात वाचली होती. ती रात्री पाण्यात चरते हे तिथल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. आणखी विचारायचं होतं, पण म्हैस कण्हायला लागली.

पुन्हा पलटी. या खेपेला आतलं पाणी भसकन बाहेर आलं. हात घातला, घड्या गायब, रेडकाचे पुढचे खूर बोटांना लागले. ओढून काढलं. पारडी, जिवंत. गवळ्याचा चेहरा खुलला.

पोरगा लगेच म्हशीचा दोर सोडायला लागला. नदीवर नेतो म्हणे, डुंबली की बरं वाटेल. विचार चुकीचा नव्हता. म्हशीला घाम फारसा येत नाही, उन्हाळ्यात पाणी लागतंच. पण ही मुळा-मुठा. अख्ख्या शहराचं सांडपाणी आणि वर जलपर्णी. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला त्यात उतरवणं म्हणजे पोटात आणि कासेत जंतू घालणं. सरळ नाही म्हटलं. "पाइपानं धू. वार पडली नाही तर रात्री फोन कर."

त्याला ते पटलं नाही. पाइप धरला, पण माझ्याकडे बघेना.

गवळ्यानं चिकाची किटली गाडीत ठेवली आणि पैशांचं "पुढच्या खेपेला बघू" म्हणाला.