खालून कापलेलं वाक्य

२० जानेवारी २००९, मंगळवार. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो आणि त्या दिवशी रात्रपाळी माझ्याकडे होती. वॉशिंग्टनची दुपार म्हणजे आमची ऐन डेडलाइन. ओबामांचा शपथविधी तिथे बाराला, म्हणजे इथे रात्री साडेदहाला. जिल्ह्यांच्या आवृत्त्या मोघम बातमी घेऊन आधीच सुटल्या होत्या. शहर आवृत्तीचं पहिलं पान तेवढं धरून ठेवलं होतं.

चीफ सबनी नऊ वाजताच मथळा लावून ठेवला होता : ‘होय, आपण करू शकतो!’ प्रचारभर हा माणूस तेच म्हणत आला, आज काय वेगळं बोलणार, असा त्यांचा हिशेब. पठ्ठ्या वीसेक मिनिटं बोलला, पण ते वाक्य काही त्याच्या तोंडून आलं नाही. पान लावणारा मुलगा माझ्याकडे बघत बसला होता, मी टीव्हीकडे.

त्याआधी शपथेचा गोंधळ झालाच होता. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या शपथेचं भाषांतर मी दुपारीच करून ठेवलं होतं. इंग्रजीत जेमतेम ३५ शब्द. ते सांगताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ‘निष्ठेने’ हा शब्द भलतीकडेच टाकला आणि ओबामा मध्येच थबकले. मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, तेव्हा खात्री पटली.

भाषण सुरू झालं तसं मी कागदावर खरडू लागलो. टीव्हीचा आवाज मोठा केलेला, समोर संगणकावर एजन्सीचे तुकडे येतायत. ‘आपण ख्रिश्चन आणि मुस्लिम, ज्यू आणि हिंदू, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचा देश आहोत’ हे वाक्य आलं आणि क्रीडा डेस्कवरून कोणीतरी ओरडलं, ‘‘हिंदू म्हणाला रे!’’ झालं. चौकट ठरली. शेवटच्या शब्दाला ‘नास्तिक’ लिहावं की ‘निरीश्वरवादी’, असा माझा घोळ चालला होता. चीफ सब म्हणाले, ‘‘काप ते. हिंदूपर्यंत ठेव, जागा नाही.’’

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्यामुळे दहशतवाद्यांना उद्देशून ‘तुम्ही आमच्यापेक्षा जास्त टिकणार नाही, आम्ही तुम्हाला हरवू’ हे ओबामा म्हणाले, तेव्हा आमचा अख्खा मजला गप्प झाला. ते वाक्य मुख्य बातमीत सगळ्यात वर गेलं, आणि मथळाही त्याचाच झाला. प्रतिक्रिया घ्यायला एक शिकाऊ वार्ताहर सीएसटीला पाठवला होता. त्याने फोनवरून दिलेल्या तीन प्रतिक्रियांपैकी एक, ‘‘पाकिस्तानचं नाव घेतलं का?’’ (घेतलं नव्हतं.) दुसरी एका आयटीवाल्याची, ‘‘व्हिसाचं काय म्हणाला?’’ (काहीच नाही.) आणि तिसरी, ‘‘ते राहू द्या, कसारा फास्ट गेली का सांगा.’’ छापायला हवी होती ती तिसरी. छापल्या पहिल्या दोन.

मी लिहिलं सातशे शब्दांच्या वर, जागा चारशेची. बातमी खालून कापायची, हे डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. महत्त्वाचं आपण वर घेतलेलं असतं, बाकीचं उतरंडीने खाली. भाषणाचं उलट असतं, बोलणारा शेवटाकडे चढत जातो. मी सुरुवातीचे दोन परिच्छेद सोडले तर पुढे भाषणाच्याच क्रमाने गेलो होतो. म्हणजे कात्री नेमकी कुठे पडणार, हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

प्रूफ वाचताना आमच्या मुद्रितशोधकांनी पेन्सिलीने एक गोल केला. ‘आजवर ४४ अमेरिकनांनी ही शपथ घेतली’ असं ओबामा म्हणाले होते. काका म्हणाले, ‘‘४३. क्लीव्हलँड नावाचा अध्यक्ष दोनदा मोजलाय, मधे एक टर्म सोडून आला होता तो.’’ अध्यक्षांच्या भाषणातली चूक आम्ही काय दुरुस्त करणार? ते वाक्यही गेलं. पाऊणला पान सोडलं आणि मी कॅन्टीनमध्ये जाऊन थंड झालेला वडा खाल्ला.

दुसऱ्या संध्याकाळी पाळीवर आलो तर ऑपरेटर एकामागून एक फोन जोडून देत होता. सांगलीहून एक विवेकवादी कार्यकर्ते : ‘‘आमचा उल्लेख कुठे गेला? तो माणूस स्पष्ट म्हणाला, मी ऐकलंय.’’ बरोबर होतं त्यांचं. चौकट आवडल्याचं सांगणारे चारपाच. आणि सातच्या सुमाराला वरळीच्या बीडीडी चाळीतून एक गृहस्थ, गोदीतून निवृत्त झालेले.

‘‘जय भीम. कालची ओबामाची बातमी कुणी लिहिलीय?’’

मी म्हटलं, मीच.

‘‘त्यात त्याच्या बापाचं नाहीये.’’

मला आधी लक्षातच येईना. मग कालचा कागद ड्रॉवरमधून काढला. ते वाक्य खरडलेलं होतं, त्याखाली माझीच रेघ होती, आणि बातमीच्या कापलेल्या भागात ते गेलं होतं. मी त्यांना भाषांतर वाचून दाखवलं, ‘साठ वर्षंही झाली नाहीत, ज्याच्या वडिलांना इथल्या एखाद्या हॉटेलात कदाचित वाढलं गेलं नसतं, तो माणूस आज अत्यंत पवित्र शपथ घ्यायला तुमच्यासमोर उभा राहू शकतो.’

पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘‘वाढलं गेलं नसतं असं नका लिहू,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या गावच्या बाजारात हॉटेलाच्या वळचणीला कप ठेवलेला असायचा. कान तुटका. बाप तो स्वतः विसळायचा, मग हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. चहा मिळायचा, साहेब. पैसेही पुरे घ्यायचे. आत घ्यायचे नाहीत. तुम्ही ‘आत घेतलं नसतं’ असं लिहा.’’

मूळ इंग्रजीत तसं नाही, मी सांगितलं.

‘‘असेल,’’ म्हणाले, आणि फोन ठेवला.

२२ तारखेच्या अंकात आतल्या पानावर चार सेंटिमीटरची जागा मिळाली, तीही एक जाहिरात आयत्या वेळी गळाली म्हणून. मी ते एकच वाक्य टाकलं, ओबामांच्या नावाने. मुद्रितशोधक काकांनी एजन्सीची इंग्रजी कॉपी शेजारी ठेवून ते ताडून पाहिलं आणि ‘आत घेतलं नसतं’भोवती पेन्सिलीचा गोल करून माझ्याकडे आणलं.

‘‘मुळात ‘सर्व्ह’ आहे.’’

मी म्हटलं, ‘‘माहीत आहे काका. राहू द्या.’’

त्यांनी खिशातून खोडरबर काढलं.