मुलगी, पण 'ते'

भाचीला नर्सिंगसाठी जर्मनीला जायचंय. आज सांगलीत, विश्रामबागच्या घरी, एकाच जर्मन वाक्यावर तासभर बसलो. 'डास मेडशेन ट्रिंक्ट मिल्श.' मुलगी दूध पिते.

जर्मनमध्ये नामाआधी त्याचं लिंग सांगणारा छोटा शब्द येतो: 'डेर' पुल्लिंगी, 'डी' स्त्रीलिंगी, 'डास' नपुंसकलिंगी. मग मुलगीला 'डास' कसं? वहीत तिनं पेन्सिलीनं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलेलं. कारण शेवटचं 'शेन'! लहानपण दाखवणारा हा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगीच होतं.

तेवढ्यात आई शेजारणीच्या छकुलीकडे बघून म्हणाली, "लेकरू दूध पितंय गं."

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. ते लेकरू! मुलगी असली तरी 'ते'च. आपल्या मराठीतही तीन लिंगं आहेत, याचा आज फार आनंद झाला. क्रियापदही ओळखीचंच: इख ट्रिंके, डू ट्रिंक्स्ट, मी पिते, तू पितेस.