दोडामार्गहून पणजी: एक पोस्टर लावले, अठरा तपासली

गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय जिथे आहे ते बांबोळी कुठे, हे आमच्या दोडामार्ग तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. ‘बांबोळीला हलवले’ एवढे म्हटले की रुग्णाची अवस्था गावाला कळते. त्याच रस्त्याने या वेळी मी काखेत प्लास्टिकची लांब नळी घेऊन निघालो होतो. पणजीजवळ भरलेल्या एका वैद्यकीय परिषदेत संशोधन-पोस्टरांची स्पर्धा होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या गटात माझे पोस्टर होते आणि एक परीक्षक ऐनवेळी येऊ न शकल्यामुळे दुसऱ्या दिवशी विद्यार्थी गटाचे परीक्षणही माझ्या वाट्याला आले.

अस्नोड्यावरून म्हापसा आणि तिथून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, पणजी बस, हा प्रवास सोपा आहे. तरीही आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचावे, कारण पोस्टरे सकाळी लवकर लावून घेतात. छपाई आपल्याच गावी करून आणावी, आणि त्याआधी फलक उभा की आडवा हे आयोजकांना विचारून घ्यावे. ए-झीरो म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर एवढे पाहून आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी आडवे पोस्टर आणले होते; ते उभ्या फलकाच्या दोन्ही बाजूंनी लोंबत राहिले. फ्लेक्स असेल तर रात्री नळीतून काढून उलट्या बाजूने गुंडाळून ठेवावा, नाहीतर कडा आत वळतात. माझे पोस्टर साध्या दुहेरी चिकटपट्टीवर लावले होते; गोव्याच्या दमट हवेत ते रात्रीत जमिनीवर आले. फलक लॅमिनेट केलेले असल्याने टाचणीही शिरेना. कागद पकडायच्या काळ्या क्लिपा चार तरी जवळ ठेवाव्यात.

माझा विषय गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा होता. या रोगाचा विषाणू १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१६ मध्ये दोडामार्गात, काजूच्या हंगामात, आम्ही त्याचा उद्रेक जवळून पाहिला. रानात जाताना गोचीडरोधक तेल लावणाऱ्यांना गोचिडी कमी चावतात का, हे मी एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून तपासले होते, आणि शीर्षकात उत्साहाने ‘प्रिव्हेंट्स’ (म्हणजे ‘रोखते’) असा शब्द घातला होता. परीक्षक बाईंनी आलेख पाहिलाच नाही. त्यांनी शीर्षकावर बोट ठेवून विचारले, “तेल लावणारी माणसे मुळातच रानात कमी जात असतील तर?” रानात घालवलेले तास मी विचारलेच नव्हते. तसे सांगितले. क्रमांक अर्थातच आला नाही.

दुसऱ्या दिवशी अठरा पोस्टरांसमोर मी उभा होतो. प्रत्येकाला तीन मिनिटे सांगायला आणि दोन मिनिटे प्रश्नांना होती. मुले आपसात कोकणीत, माझ्याशी मराठीत आणि पोस्टरपुढे उभी राहिली की पाठ केलेल्या इंग्रजीत बोलत. ही पाठांतरे थांबवून, “पोस्टर नसते तर मला काय सांगितले असतेस?” असे विचारल्यावर खरे काम कोणी केले ते लगेच कळते. एका मुलीच्या तक्त्यातील बेरीज पद्धतीच्या रकान्यात दिलेल्या नमुनासंख्येपेक्षा चौदाने कमी होती. विचारल्यावर ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “सर, चौदा फॉर्म अर्धवट होते. लिहिले तर वाईट दिसेल असे वाटले.” माझ्या मते तेच लिहायला हवे होते, पण विचारताच सांगितले म्हणून मी तिचे गुण कापले नाहीत. औषधाची चाचणी असलेल्या पोस्टरवर मी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील औषध-चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक शोधत होतो, कारण ही नोंदणी १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. नैतिक समितीच्या मंजुरीचा उल्लेख एका कोपऱ्यात असला तरी चालतो, परंतु तो असावाच.

परीक्षकांसाठी एक सांगतो, कारण हे आधी कोणी बोलत नाही. माझे सहपरीक्षक सगळ्यांना दहापैकी सहा ते आठ गुण देत होते आणि मी दोनपासून नऊपर्यंत. नुसती बेरीज केली असती, तर निकाल जवळजवळ एकट्या माझ्या मतावर लागला असता. म्हणून आम्ही आपापल्या यादीतील क्रमांक लावले आणि त्या क्रमांकांची बेरीज केली. चौदा फॉर्मवाली मुलगी तिसरी आली. ओळखीच्या महाविद्यालयाचे एक पोस्टर माझ्यापुढे आले तेव्हा ते मी तपासायला नकार दिला. आयोजकांना ते थोडे अडचणीचे वाटले, पण दुसरा माणूस दहा मिनिटांत मिळाला.

संध्याकाळी फलक लगेच उचलतात, तेव्हा चहाला जाण्याआधी पोस्टर उतरवून घ्यावे. माझे आता आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आहे. ‘प्रिव्हेंट्स’वर मी पांढरी पट्टी डकवली आहे, खालून निळे अक्षर अजून थोडे दिसते.